हें कोणाविषयीं?
(यशयाच्या पुस्तकांतील दुःख सोसणाऱ्या सेवकाचा अभ्यास)

शास्त्रपाठ : यशया ५२:१३ ते ५३:१२, प्रेषितांचीं कृत्यें ८:२६–४०.



उत्तम शुक्रवार जवळ आला म्हणजे आपल्या बहुतेक मंडळ्यांत यशयाच्या ५३ व्या अध्यायाचें वाचन होतें. वाचणारा उभा राहतो, मंडळी मान खालीं घालून ऐकते, आणि मग पाळक थोडक्यांत सांगतो कीं, हें भविष्य आपल्या प्रभूच्या ठायीं पूर्ण झालें. हें म्हणणें खरें आहे व आमचाहि तोच विश्वास आहे. परंतु जें वाक्य आपण वर्षानुवर्षें ऐकत आलों, त्याचा अर्थ विचारण्याचें आपण बहुधा सोडून देतों. भविष्य म्हणजे काय, पूर्ण होणें म्हणजे काय, आणि तें पूर्ण झालें असें म्हणणाऱ्यांवर कोणती जबाबदारी येते, याचा विचार या पाठांत करूं.

हा विचार करण्यास आम्हांस एका वयोवृद्ध बंधूंनीं लाविलें. गोदावरीच्या कांठच्या एका लहानशा मंडळींत आम्हीं हा अध्याय वाचून उपासना संपविली होती. सर्व लोक गेले, हे आजोबा मात्र मागें राहिले. त्यांना वाचतां येत नाहीं, पण ऐकलेलें ते विसरत नाहींत. ते म्हणाले, "पाळकसाहेब, तें तिसरें वचन पुन्हां वाचा." आम्हीं वाचलें. लोकांनीं तुच्छ मानलेला, ज्याला पाहून माणसें तोंड फिरवितात, असा मनुष्य त्या वचनांत आहे. आजोबा कांहीं वेळ उगेच बसले. मग म्हणाले, "माझ्या लहानपणीं आमच्या बापाला गांवांत पाणी वरून ओंजळींत ओतीत. ओतणारा तोंड फिरवून ओतायचा. हें तर माझ्या बापाचें वर्णन झालें. तुम्ही म्हणतां, येशूचें आहे. मग हें नक्की कोणाविषयीं?"

आम्हीं त्या वेळीं कांहीं तरी उत्तर दिलें. पण तें आमचें आम्हांसच पुरेसें वाटलें नाहीं. घरीं परततांना ध्यानांत आलें कीं, हा प्रश्न नवा नाहीं. हाच प्रश्न, याच अध्यायावर बोट ठेवून, एका परदेशी गृहस्थानें गज्जाकडे जाणाऱ्या वाटेवर रथांत बसून फिलिप्पाला विचारला होता. त्या दोन प्रश्नांचें उत्तर आपण मिळून शोधूं.

१. संदेष्टा म्हणजे जोशी नव्हे

आपल्या जुन्या मराठी पुस्तकांत संदेष्ट्यास ‘भविष्यवादी’ असें म्हटलेलें आढळतें. शब्द वाईट नाहीं, पण त्यानें एक गैरसमज होतो. जोशी पंचांग उघडून मुहूर्त सांगतो, पीकपाण्याचें भाकीत करितो. त्याचप्रमाणें यशया किंवा यिर्मया हा शेंकडों वर्षांनंतरच्या गोष्टी अगोदर सांगणारा कोणी फार मोठा जोशी होता, अशी कित्येकांची समजूत असते. शास्त्र याच्या उलट सांगतें. अनुवादाच्या १८ व्या अध्यायांत शकुन पाहणारे व चेटूक करणारे यांस इस्राएलांत थारा देऊं नये असें सांगितलें आहे, आणि लागलेंच पुढें संदेष्टा देण्याचें अभिवचन आहे. यावरून हे दोघे एका पंक्तीचे नव्हत हें उघड होतें. जोशी सांगतो तें कपाळीं लिहिलेलें व न टळणारें. संदेष्टा सांगतो तें देवाच्या मनांतलें, आणि तें ऐकून लोक वळले तर पुढची गोष्टहि वळते.

याचें एक सुंदर उदाहरण शास्त्रांतच आहे. मीखानें सांगितलें कीं, सियोन शेताप्रमाणें नांगरली जाईल व यरुशलेमाचे ढिगारे होतील (मीखा ३:१२). हिज्कीया राजानें तें ऐकून देवाचें भय धरिलें व त्याची करुणा भाकली. तेव्हां तें संकट त्या काळीं आलें नाहीं. पुढें सुमारें शंभर वर्षांनीं लोक यिर्मयाचा जीव घेण्यास उठले असतां देशांतील वडील मंडळींनीं हीच गोष्ट त्यांस आठवून दिली (यिर्मया २६:१७–१९). सांगितलें तसें घडलें नाहीं म्हणून मीखा खोटा, असें कोणी म्हटलें नाहीं. लोक वळले, म्हणजे त्याचें बोलणें सफळ झालें, असेंच त्यांनीं मानिलें. योना व निनवे यांची गोष्टहि अशीच आहे.

हें ध्यानांत न ठेविल्यानें मोठे घोटाळे झाले आहेत. अमेरिकेंत विल्यम मिलर या गृहस्थांनीं दानीएलाच्या पुस्तकावरून हिशेब करून प्रभूच्या पुनरागमनाचा काळ ठरविला, आणि त्यांच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस निश्चित धरिला. तो दिवस उगवला तसा मावळला, व हजारों भाबड्या जिवांची घोर निराशा झाली. अजूनहि कोठें कोठें असल्या तारखांचीं पत्रकें वांटलीं जातात. वाचकांनीं तीं हातीं आलीं असतां एवढेंच विचारावें : यांत मला देवाकडे वळण्याचें कांहीं सांगितलें आहे, कीं केवळ गणित आहे?

२. हें गीत कोणीं ऐकिलें?

कोणतेंहि भविष्य प्रथम ज्यांनीं ऐकिलें त्यांच्या जागीं आपण थोडा वेळ बसलें पाहिजे. इ. स. पू. ५८६ च्या सुमारास बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या सैन्यानें यरुशलेम घेतलें. मंदिर जाळलें, तट पाडिला, सिद्कीया राजाच्या डोळ्यांदेखत त्याचे पुत्र मारिले आणि मग त्याचे डोळे काढिले. हजारों लोकांस घरदार सोडून बाबेलास जावें लागलें. तेथें त्यांच्या मनाला एकच प्रश्न पोखरीत होता : आपला देव हरला, कीं त्यानें आपणांस टाकिलें? यशयाच्या ४० व्या अध्यायापासून पुढें जे सांत्वनाचे बोल आहेत, ते याच लोकांसाठीं आहेत. ते आठव्या शतकांतल्या यशयानें पुढील पिढीसाठीं आधींच सांगून ठेविले, असें कित्येक विद्वान् मानितात. बंदिवासांत राहणाऱ्या त्याच्याच परंपरेंतल्या संदेष्ट्यानें ते सांगितले, असें दुसरे म्हणतात. दोहोंपैकीं कोणतेंहि मत धरिलें तरी ऐकणारे तेच राहतात : घर गमावलेले, मान खालीं गेलेले लोक.

इ. स. पू. ५३९ मध्यें पारसाचा राजा कोरेश यानें बाबेल जिंकिलें व यहूद्यांस परत जाण्याची मोकळीक दिली. यशया ४५:१ मध्यें या परक्या राजाला देवाचा ‘अभिषिक्त’ म्हटलें आहे. हिब्रू भाषेंत तो शब्द ‘मशीहा’ हाच आहे. परंतु याच पानांमध्यें आणखी एकाविषयीं सांगितलें आहे. कोरेश तरवारीनें देश सोडवितो. हा दुसरा मुकाट्यानें सोसून माणसें सोडवितो. त्याला देव ‘माझा सेवक’ म्हणतो. या सेवकाविषयींचे चार उतारे इतरांहून वेगळे दिसतात (४२:१–४; ४९:१–६; ५०:४–९; ५२:१३–५३:१२). जर्मन पंडित बर्नहार्ड डूम यांनीं १८९२ सालीं आपल्या टीकाग्रंथांत ते वेगळे काढून दाखविले, तेव्हांपासून त्यांस ‘सेवकाचीं गीतें’ म्हणण्याची रीत पडली. आपला पाठ त्यांतील चौथें व शेवटचें गीत आहे.

येथें एका शंकेचें उत्तर देऊं. हा अध्याय येशूच्या मरणाशीं इतका जुळतो, तेव्हां ख्रिस्ती लोकांनींच तो मागाहून लिहिला नसेल कशावरून? १९४७ सालीं मृत समुद्राजवळ कुम्रान येथें धनगर पोरांना एका गुहेंत मडक्यांत ठेविलेल्या जुन्या गुंडाळ्या सांपडल्या. त्यांतील एक संपूर्ण यशयाची आहे. चामड्याचे सतरा तुकडे शिवून ती केलेली असून तिची लांबी सात मीटरांहून अधिक आहे. ती प्रभूच्या जन्माच्या सुमारें शंभर वर्षें आधींची आहे असें ठरलें आहे. त्यापूर्वीं ठाऊक असलेल्या मुख्य हिब्रू प्रती इसवी सनाच्या दहाव्या-अकराव्या शतकांतल्या होत्या. एका हजार वर्षांचें अंतर पडलें असतांहि हा अध्याय बहुतेक जसाचा तसा उतरला आहे. एक फरक मात्र लक्षांत ठेवण्याजोगा आहे. अकराव्या वचनांत सेवक आपल्या कष्टांनंतर ‘पाहील’ एवढेंच मागाहूनच्या हिब्रू प्रतींत आहे. कुम्रानच्या प्रतींत व जुन्या ग्रीक भाषांतरांत तो ‘प्रकाश’ पाहील असें आहे. म्हणजे मरणापलीकडे उजेड आहे ही आशा या गीतांत प्राचीन काळापासून वाचली जात होती.

पण गुंडाळीचा पुरावा येथेंच थांबतो. शब्द जुने आहेत, एवढें ती सांगते. ते कोणाविषयीं आहेत, हें ती सांगत नाहीं.

३. गीतांतील ‘आम्ही’

हा पाठ नीट वाचला तर त्यांत दोन वाणी ऐकूं येतात. आरंभीं व शेवटीं देव बोलतो : माझा सेवक उंचावला जाईल. मध्यें कोणी तरी ‘आम्ही’ बोलतात. सेवक स्वतः या गीतांत एक शब्दहि बोलत नाहीं. कापावयास नेलेल्या मेंढराप्रमाणें तो मुका आहे.

हे ‘आम्ही’ काय सांगतात? सेवक रुक्ष भूमींतून उगवलेल्या अंकुरासारखा होता. त्याच्यांत रूप नव्हतें, डौल नव्हता. त्याचें दुखणें पाहून आम्हीं तोंड फिरविलें. आम्हांस वाटलें, देवानेंच याला मारिलें असेल. यानें कांहीं केलें असेल म्हणून याची ही दशा झाली. आणि मग आमचे डोळे उघडले. तें दुखणें आमचें होतें. तो भार आमच्या अपराधांचा होता. त्याला बसलेल्या फटक्यांनीं आम्ही बरे झालों.

वाचकहो, हा या गीताचा गाभा आहे. जगांत सर्वत्र माणसें दुःखी माणसाकडे पाहून एकच निवाडा देतात. ईयोबाच्या मित्रांनीं तोच दिला. शेजारीं कोणाचें मूल आंधळें जन्मलें, कोणास महारोग जडला, कोणाच्या घरीं एकामागून एक मरणें झालीं, कीं आपणहि हळूच म्हणतों, "कर्माचें फळ," किंवा ख्रिस्ती शब्द वापरून म्हणतों, "देवानें शिक्षा केली." बाबेलांतील इस्राएलहि स्वतःविषयीं असेंच म्हणत होतें. या गीतानें तो निवाडा उलटा केला. जो तुम्हांला देवानें टाकलेला वाटला, त्याच्याच द्वारें देव तुम्हांस बरें करीत होता. अशी गोष्ट पूर्वीं कोणीं ऐकिली नव्हती, म्हणूनच गीताच्या आरंभीं राजेहि तोंड मिटून स्तब्ध होतात असें सांगितलें आहे.

४. तो सेवक कोण?

आतां आजोबांचा प्रश्न. यशयाच्या याच भागांत देव इस्राएल राष्ट्रालाच ‘माझा सेवक’ म्हणतो (४१:८, ४४:१, ४९:३). म्हणून यहूदी वाचक या गीतांत आपल्या राष्ट्राचें दुःख पाहतात. हें मत आजकालचें नव्हे. इसवी सनाच्या तिसऱ्या शतकांत ओरिगेन या ख्रिस्ती पंडिताला यहूदी विद्वानांनीं हेंच सांगितलें, असें तो स्वतः लिहितो. अकराव्या शतकांत फ्रान्स देशांतील त्र्वा नगरचे थोर यहूदी भाष्यकार राशी (१०४०–११०५) यांनींहि असाच अर्थ केला. त्यांच्याच हयातींत, १०९६ सालीं, क्रूस अंगावर लावून निघालेल्या टोळ्यांनीं ऱ्हाईन नदीकांठच्या वर्म्स, माइन्त्स इत्यादि नगरांतील यहूद्यांची कत्तल केली. तुच्छ मानलेला व मुक्यानें मारला गेलेला तो कोण, असें त्या लोकांनीं आपणांस विचारलें असतें, तर काय उत्तर देतां आलें असतें?

उलटपक्षीं, यहूद्यांत एकच अर्थ चालत होता असेंहि नाहीं. सभास्थानांत वाचल्या जाणाऱ्या तार्गूम नांवाच्या अरामी भाषांतरांत या गीतांतील सेवकाला स्पष्टपणें ‘मशीहा’ म्हटलें आहे; मात्र तेथें दुःखाचीं वचनें मशीहाकडून काढून दुसऱ्यांवर घातलीं आहेत. मशीहा पाहिजे, पण दुःख सोसणारा नको, ही अडचण आपल्या प्रभूच्या शिष्यांसहि होती. पेत्रानें प्रभूला बाजूस घेऊन हेंच सांगितलें होतें.

यशयाचें पुस्तक आपणच पुढील पाऊल टाकावयास लावितें. ४२:१९ मध्यें देव म्हणतो, माझा सेवकच आंधळा व बहिरा झाला आहे. आणि ४९:५–६ मध्यें सेवकाला इस्राएलास परत आणण्याचें काम दिलें आहे, शिवाय राष्ट्रांचा प्रकाश होण्याचेंहि. जो इस्राएलास परत आणतो, तो इस्राएल राष्ट्राहून कांहीं तरी वेगळा असला पाहिजे. म्हणजे सेवक हें नांव राष्ट्राचें आहे, पण राष्ट्राला तें काम पेलत नाहीं. तेव्हां राष्ट्राच्या वतीनें तें पेलणाऱ्या एकाची वाट हें पुस्तक पाहतें. ती जागा पुस्तकानें मोकळी ठेविली आहे, कोणाचें नांव तेथें लिहिलें नाहीं.

येथें आणखी एक शब्द. यहूदी हे आपणांस दूरचे लोक वाटतात, पण कोंकणांतील बेने इस्राएल लोकांची मातृभाषा मराठीच. तेलाचे घाणे चालवून शनिवारीं काम बंद ठेवीत, म्हणून गांवकरी त्यांस ‘शनिवार तेली’ म्हणत. मुंबईचे मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांनीं त्यांच्याकरितां मराठींत हिब्रू व्याकरण तयार केलें. १९४८ नंतर त्यांतील पुष्कळ लोक इस्राएल देशीं गेले, तरी कांहीं कुटुंबें येथें आहेत. ज्या पुस्तकावर आपला विश्वास उभा आहे, तें पुस्तक त्यांच्या वाडवडिलांनीं जिवापाड जपलें म्हणून आपल्या हातीं आलें. विसाव्या शतकांत, दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत, ज्या युरोपांत गांवोगांव ख्रिस्तमंदिरें होतीं, तेथेंच सुमारें साठ लाख यहूदी ठार मारिले गेले. म्हणून हें गीत हातीं घेऊन यहूद्यांस हिणविणें, हें त्या गीताच्याच विरुद्ध पाप आहे, असें आम्ही स्पष्टपणें म्हणतों.

५. ‘पूर्ण झालें’ म्हणजे काय?

नव्या करारांत ‘पूर्ण झालें’ यासाठीं जो ग्रीक शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ ‘भरणें’ असा आहे. रिकामें किंवा अर्धें भरलेलें भांडें कांठोकांठ भरावें, तसें. मत्तय २:१५ पाहा. मिसर देशांतून पुत्राला बोलाविल्याचें होशेचें वचन (११:१) तेथें घेतलें आहे. पण होशे पुढील काळाविषयीं बोलतच नव्हता. इस्राएल मिसरांतून निघालें त्या जुन्या गोष्टीची तो आठवण देत होता. मग मत्तयानें चूक केली काय? नाहीं. इस्राएल पुत्र म्हणून निघालें खरें, पण पुत्रासारखें वागलें नाहीं. तें माप अपुरें राहिलें. तेंच माप येशूनें भरिलें, असें मत्तय म्हणतो.

आपण खळ्यांत धान्य मोजतों, तेव्हां कोणी माप निम्में भरतो, कोणी कांठाला लावितो, आणि मन मोठें असलेला शिगोशीग भरतो. यशयाचें गीत हें असें माप आहे. यिर्मयानें त्यांत कांहीं घातलें. कापावयास नेलेल्या कोंकराची उपमा त्यानें स्वतःला दिली आहे (११:१९). बंदिवासांतील विश्वासू लोकांनीं त्यांत कांहीं घातलें. परंतु माप भरलें नाहीं. कारण त्यांतील कोणीहि निष्पाप नव्हता व कोणाच्याहि मरणानें दुसरे बरे झाले नाहींत. प्रभु येशूनें हें माप जाणूनबुजून हातीं घेतलें. धरला जाण्याच्या रात्रीं त्यानें याच गीतांतील शेवटच्या वचनाचा उल्लेख करून, अपराध्यांत गणलें जाणें आपणांस प्राप्त आहे, असें शिष्यांस सांगितलें (लूक २२:३७). न्यायसभेंत तो आरोपांपुढें उगा राहिला. दोन अपराध्यांच्या मध्यें तो टांगला गेला. ज्यांनीं खिळे ठोकिले त्यांच्यासाठीं त्यानें रदबदली केली. एका धनवानाच्या कबरेंत त्याला ठेविलें. आणि तिसऱ्या दिवशीं मरणापलीकडचा तो प्रकाश प्रगट झाला. माप शिगोशीग भरलें.

तरी एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. शिष्यांनीं आधीं भविष्यांचा मेळ घालून पाहिला आणि मग विश्वास धरिला, असें झालें नाहीं. क्रूस पाहून ते पळाले. उठलेला प्रभु अम्माऊसच्या वाटेवर भेटला, तेव्हां त्यानें त्यांस शास्त्र उलगडून दाखविलें (लूक २४:२५–२७). म्हणून या अध्यायानें कोणाला वादांत चीत करूं पाहूं नये. हा पाठ येशूच्या मुखाच्या उजेडांत वाचावयाचा आहे.

६. रथांतील मनुष्य

आतां गज्जाच्या वाटेकडे वळूं. कूश देशाच्या कांदके राणीचा हा खजिनदार षंढ होता. यरुशलेमास तो उपासनेसाठीं गेला होता. परंतु अनुवाद २३:१ प्रमाणें अशा मनुष्याला प्रभूच्या मंडळींत प्रवेश नव्हता. इतका लांबचा प्रवास करून तो बाहेरूनच परतला असावा. त्याच्या मांडीवर यशयाची गुंडाळी होती, व लूकानें उद्धृत केलेलीं वचनें जुन्या ग्रीक भाषांतराशीं जुळतात. तीं वचनें कोणतीं आहेत? पापाचा भार वाहण्याविषयींचीं नव्हेत. मुका राहिलेला, न्याय नाकारलेला, ज्याची पिढी कोण सांगणार असा प्रश्न उरलेला मनुष्य, हीं ती वचनें आहेत. ज्याला मूलबाळ होणें शक्य नाहीं, ज्याच्या नांवानें पुढें दिवा लागणार नाहीं, असा मनुष्य हें वाचीत होता. त्यानें विचारिलें, हा आहे तरी कोण?

फिलिप्पानें त्या वचनापासून आरंभ करून त्याला येशूची सुवार्ता सांगितली. ती गुंडाळी आणखी थोडी उलगडली असती, तर तीनच अध्यायांपुढें त्या खजिनदारास आपलेंच नांव सांपडलें असतें. देवाला धरून राहणाऱ्या षंढास आपल्या घरांत पुत्रकन्यांहून उत्तम नांव देण्याचें अभिवचन यशया ५६:३–५ मध्यें आहे. पाणी दिसतांच त्यानें विचारिलें कीं, आतां मला बाप्तिस्मा घेण्यास काय हरकत आहे? ज्याला आजवर प्रत्येक दारीं हरकतच भेटली, त्याचा हा प्रश्न आहे. फिलिप्पाला कोणतीहि हरकत सांगतां आली नाहीं. तो त्याच्याबरोबर पाण्यांत उतरला.

प्रेषितांनीं हें गीत किती ठिकाणीं लाविलें तें पाहा. मत्तयानें रोग्यांस बरें करण्याच्या प्रसंगीं लाविलें (८:१७). पौलानें जेथें ख्रिस्ताचें नांव कोणीं ऐकिलें नव्हतें तेथें जाण्यासाठीं लाविलें (रोम. १५:२१). पेत्रानें तें घरच्या गुलामांस सांगितलें, कठोर धन्याचा मार खाणाऱ्यांस (१ पेत्र २:१८–२५). ज्यांस कोणी विचारीत नसे त्यांस हें गीत आधीं समजलें.

७. आजोबांस दिलेलें उत्तर

कांहीं महिन्यांनीं आम्ही पुन्हां त्या खेड्यांत गेलों व मुद्दाम आजोबांच्या घरीं बसलों. आम्हीं म्हटलें, "आजोबा, हें येशूविषयींच आहे. तुमच्या बापानें कोणाच्या पापाचा भार वाहिला नाहीं. तो भार एकट्या प्रभूनें वाहिला. पण ज्याच्याकडे पाहून लोक तोंड फिरवितात त्याच्या जागीं प्रभु येऊन उभा राहिला आहे. म्हणून ओंजळ धरून वांकलेल्या तुमच्या बापाला देवानें टाकिलें नव्हतें. त्या ठिकाणीं देव ओतणाऱ्याच्या बाजूस नव्हता. ओंजळीच्या बाजूस होता."

येथें वाचकांनीं गैरसमज करून घेऊं नये. प्रभूनें सोसलें म्हणून दुसऱ्यांवर होणारा अन्याय चालूं द्यावा, असा या गीताचा अर्थ नव्हे. त्याचा न्याय हिरावून घेतला गेला, असें गीत दुःखानें सांगतें; तें ठीक झालें असें सांगत नाहीं. १९५० सालीं अंमलांत आलेल्या आपल्या राज्यघटनेच्या १७ व्या कलमानें अस्पृश्यता नष्ट करून तिचें आचरण गुन्हा ठरविलें, याबद्दल आपण देवाचे आभार मानितों. परंतु कायदा ओतणाऱ्याचा हात धरूं शकतो, फिरविलेलें तोंड वळवूं शकत नाहीं. तें काम या गीताचें आहे.

आजोबांनीं सर्व ऐकून घेतलें. मग ते हळूच म्हणाले, "म्हणजे तो ओतणाराहि यांत आहे म्हणायचा. तोंड फिरविलें असें सांगणारा तोच ना?"

आम्ही चकित झालों. वर्षानुवर्षें शिकवूनहि हें आम्हीं असें पाहिलें नव्हतें. होय, गीतांतले ‘आम्ही’ तेच आहेत. तोंड फिरविणारा परत येऊन आपला अपराध कबूल करील, तर त्यालाहि या गीतांत जागा आहे. फटके ज्याला बसले त्याच्याच द्वारें तोहि बरा होईल. आजोबा पुढें म्हणाले, "मग आपणहि त्यांतच आलों, पाळकसाहेब. आपणहि कोणाकडे तरी तोंड फिरवितोंच."

त्यांचें म्हणणें आमच्या जिव्हारीं लागलें. आपल्या मंडळ्यांत अजून जुन्या जातींची आठवण ठेवून सोयरीक ठरते. महारोगांतून बरा झालेला बंधु प्रभुभोजनास आला, तर शेजारचे जरा सरकून बसतात. नवऱ्यानें टाकलेली बहीण शेवटच्या रांगेंत बसते. भविष्य पूर्ण झालें असें आपण उत्तम शुक्रवारीं म्हणतों, तेव्हां त्या ‘आम्हीं’मध्यें आपण स्वतःस धरितों कीं नाहीं? जो धरील त्याला हें भविष्य कळलें.

विचारासाठीं प्रश्न

१. संदेष्टा व जोशी यांत काय भेद आहे? मीखाच्या गोष्टीवरून सांगा.
२. यशयाच्या गीतांत ‘आम्ही’ कोणती चूक कबूल करितात? ती चूक आपण कोणाच्या बाबतींत केली आहे?
३. यहूदी वाचक या गीताचा कोणता अर्थ करितात? आपला विश्वास सांगतांना त्यांच्याविषयीं आपलें बोलणें कसें असावें?
४. खजिनदारास जी हरकत होती, तशी हरकत आपल्या मंडळींत आज कोणास आहे?

प्रार्थना

हे प्रभो, तूं मुकाट्यानें सोसलेंस आणि आम्हीं तोंड फिरविलें. आमचे डोळे उघड. ज्यांस आम्ही टाकलेले समजतों त्यांच्याजवळ तूं उभा आहेस, हें आम्हांस दिसूं दे. आणि आमचें तोंड त्यांच्याकडे व तुझ्याकडे वळीव. आमेन.